मांजर चार पायांवरच पडतं, मग गॅलरीला जाळी कशाला?

गॅलरीच्या कठड्यावर पाय पोटाखाली घेऊन निवांत बसलेलं मांजर, मागे मावळतीचं आकाश, खाली सहा मजले. इन्स्टाग्रामवर असा फोटो पडला की खाली लाल बदामांची रांग लागते. मध्येच कुणीतरी विचारतं, 'अगं, पडणार नाही ना ते?' त्यावरचं उत्तर ठरलेलं असतं. 'काही होत नाही. मांजर आहे ते. रोज बसतं तिथे.'

या उत्तरात दोन समज आहेत. मांजर पडत नाही, हा पहिला. आणि पडलंच तर चार पायांवर पडतं, त्यामुळे त्याला काही होत नाही, हा दुसरा.

पहिला समज चुकीचा आहे. दुसरा अर्धा खरा आहे, आणि जास्त धोका त्याच अर्ध्यात आहे. उंचावरून पडून जखमी होणारी मांजरं जगभरातल्या पशुवैद्यकांकडे इतक्या नेमाने येतात की या प्रकाराला त्यांनी वेगळं नावच दिलंय, 'हाय-राइज सिंड्रोम'. उंच इमारतींच्या शहरात राहणाऱ्या मांजरांचं दुखणं, असा त्याचा साधा अर्थ. १९७६ साली डॉ. गॉर्डन रॉबिन्सन या पशुवैद्यकांनी त्यावर लिहिलं आणि तेव्हापासून हा शब्द रूढ झाला.

हे नेमकं काय असतं, मांजरं पडतात कशी आणि फ्लॅटमध्ये मांजर पाळणाऱ्यांनी काय करायला हवं, ते समजून घेऊया.

मांजर हवेत वळतं कसं?

मांजर पाठीवर पडायला लागलं तरी जमिनीवर येईपर्यंत पाय खाली करून घेतं, हे खरंच आहे. शास्त्रज्ञांनाही याचं कोडं पडलं होतं. हवेत टेकायला काही नाही, ढकलायला काही नाही, मग ते वळतं कशाच्या आधारावर? फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८९४ साली पडणाऱ्या मांजराचे एकापाठोपाठ एक असे वेगवान फोटो काढून हे पहिल्यांदा नीट दाखवलं. पुढे १९६९ मध्ये थॉमस केन आणि एम. पी. शेर या संशोधकांनी त्यामागचं गणित मांडलं.

थोडक्यात असं होतं. मांजराच्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. वर कुठे आणि खाली कुठे, हे ती क्षणात सांगते. त्यानुसार मांजर आधी डोकं वळवतं, मग शरीराचा पुढचा अर्धा भाग आणि शेवटी मागचा. पुढचा भाग वळवताना पुढचे पाय जवळ घेतलेले असतात आणि मागचे पसरलेले. मागचा भाग वळवताना उलट. पाय जवळ घेऊन गिरकी मारणारा नर्तक जसा चटकन फिरतो, तसा जवळ घेतलेला भाग जास्त वळतो आणि पसरलेला भाग कमी. मांजराचा कणा कमालीचा लवचीक असतो आणि गळ्याजवळचं हाड आपल्यासारखं खांद्याला जखडलेलं नसतं, म्हणून शरीराला असा पीळ देता येतो.

पिल्लांमध्ये ही क्षमता जन्मतः नसते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती दिसू लागते आणि साधारण सातव्या आठवड्यापर्यंत पक्की होते. म्हणजे अगदी लहान पिल्लू हातातून निसटलं तर ते वळेलच, असं धरून चालता येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या सगळ्या कसरतीत बदलते ती फक्त दिशा. वेग तेवढाच राहतो. मांजर पाठीवर पडणार की पायांवर, एवढंच त्यातून ठरतं. जमीन किती जोरात लागणार, ते उंची ठरवते.

पायांवर पडूनही दुखापत का होते?

शाळेतलं गणित आठवून बघा. एक मजला साधारण तीन मीटरचा धरला आणि हवेचा विरोध तूर्त बाजूला ठेवला, तर पहिल्या मजल्यावरून पडणारी वस्तू जमिनीवर पोहोचते तेव्हा तिचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. दुसऱ्या मजल्यावरून तो ३९ होतो, तिसऱ्यावरून ४८. तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला दीड सेकंदही लागत नाही. म्हणजे गल्लीतून भरधाव जाणाऱ्या स्कूटरचा वेग आणि समोर सिमेंट.

मांजराचे पाय स्प्रिंगसारखे दुमडतात आणि धक्का शोषून घेतात. ओट्यावरून किंवा फ्रिजवरून उडी मारली तर हे पुरतं. तीन-चार मजल्यांच्या वेगाला पाय पुरत नाहीत. ते पूर्ण दुमडले की उरलेला धक्का छाती घेते आणि त्याच क्षणी हनुवटी जमिनीवर आदळते.

म्हणूनच उंचावरून पडलेल्या मांजरांच्या जखमा ठरावीक जागी सापडतात. पहिली जागा छाती. फुप्फुसांना मार लागतो, कधी फुप्फुसाभोवती हवा साठते आणि श्वास कोंडतो. दुसरी जागा तोंड. जबडा मोडतो, दात तुटतात, टाळू मधोमध दुभंगते. तिसरी जागा पाय. याशिवाय मूत्राशय फुटणं, पोटात रक्तस्राव होणं हेही घडतं. यातल्या कित्येक जखमा बाहेरून दिसतच नाहीत.

हा समज आपल्याकडे इतका घट्ट का बसला असेल, याचंही एक साधं कारण दिसतं. मांजराशी आपली ओळख बैठ्या घरांमधली आहे. कौलांवर फिरणारं, माळ्यावर उंदीर धरणारं, परसातल्या भिंतीवरून चालणारं मांजर. ते पडलं तर दहा-बारा फुटांवरून पडायचं आणि खाली माती नाहीतर सारवलेलं अंगण असायचं. आता तेच मांजर नवव्या मजल्यावर राहतं आणि खाली पेव्हर ब्लॉक असतात. मांजर बदललं नाही, घर बदललं.

'९० टक्के मांजरं वाचतात' या आकड्याचं काय?

मांजरांच्या पडण्याचा विषय निघाला की कुणीतरी हा आकडा फेकतंच. तो आला कुठून?

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात वेन व्हिटनी आणि शेरिल मेलहाफ यांचा अभ्यास छापून आला. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात पाच महिन्यांत १३२ मांजरं उंचावरून पडल्यामुळे दाखल झाली होती. त्यांच्या पडण्याची सरासरी उंची साडेपाच मजले होती. उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के मांजरं वाचली.

सोशल मीडियावर इथपर्यंतच सांगितलं जातं. त्याच अभ्यासातले बाकीचे आकडे मात्र गळतात. १३२ पैकी ९० टक्के मांजरांच्या छातीला मार लागला होता. निम्म्याहून जास्त मांजरांच्या चेहऱ्याला इजा होती. ३९ टक्क्यांचे पाय मोडले होते. ३७ टक्के मांजरांना जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार द्यावे लागले. आणि १७ मांजरांना उपचार न करता कायमचं झोपवण्यात आलं, त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत कारण होतं मालकाला खर्च न परवडणं. ९० टक्क्यांच्या हिशोबात ही मांजरं नाहीत.

याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट फार पसरली. सात मजल्यांपर्यंत दुखापती वाढत जातात आणि त्याहून उंचावरून पडलेल्या मांजरांना उलट कमी लागतं, असं त्यात दिसलं होतं. अभ्यासकांनी त्यावर एक अंदाज मांडला. पडणाऱ्या मांजराचा वेग ताशी ९५-१०० किलोमीटरच्या आसपास पोहोचला की हवेच्या विरोधामुळे तो आणखी वाढत नाही. मग मांजराचं शरीर सैल पडतं, ते पाय बाजूला पसरतं आणि धक्का अंगभर वाटला जातो.

ऐकायला छान आहे, पण यात एक मोठी गोम आहे. ही सगळी मांजरं दवाखान्यात आणलेली होती. पंधराव्या मजल्यावरून पडून जागीच गेलेलं मांजर दवाखान्यात कोण नेतं? त्याची नोंद कुठेच होत नाही. उंच मजल्यांच्या यादीत मग नशीबवान तेवढेच उरतात.

पुढे २००४ मध्ये क्रोएशियातल्या झाग्रेब शहरातला अभ्यास प्रसिद्ध झाला. चार वर्षांत पडलेल्या ११९ मांजरांची त्यात नोंद होती. सरासरी उंची चार मजले. वाचण्याचं प्रमाण इथे आणखी चांगलं, ९६.५ टक्के. पण सातव्या आणि त्यावरच्या मजल्यांवरून पडलेल्यांना जास्त गंभीर दुखापती झाल्या, छातीला विशेष. म्हणजे 'जितकं उंच तितकं सुरक्षित' हा निष्कर्ष इथे टिकला नाही.

उपयोगाचा निष्कर्ष वेगळाच आहे. पडलेलं मांजर वेळेत दवाखान्यात पोहोचलं तर ते वाचण्याची शक्यता चांगली असते. 'आपोआप वाचतं' आणि 'उपचारांनी वाचतं' यातलं अंतर मोठं आहे.

एवढं चपळ मांजर पडतंच कसं?

मांजराला उंचीची जाण असते. मुद्दाम सहाव्या मजल्यावरून उडी मारावी असं त्याला वाटत नाही. पडण्याची कारणं वेगळी असतात.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे शिकार. कठड्यावर बसलेल्या मांजरासमोरून कबुतर उडतं, भिंतीवर पाल सरकते, एखादं फुलपाखरू येतं. त्या क्षणी मांजराचं सगळं लक्ष भक्ष्यावर असतं. पंजा पुढे जातो, पाठोपाठ शरीर जातं.

दुसरं कारण पकड. मांजराची नखं झाडाच्या खोडात रुततात, गोणपाटात रुततात. ॲल्युमिनियमच्या चौकटीत, ग्रॅनाइटच्या पट्टीत किंवा स्टीलच्या रेलिंगवर ती रुतत नाहीत. झाडावर घसरलेलं मांजर स्वतःला सावरतं, तेच मांजर गुळगुळीत कठड्यावर घसरलं की धरायला काहीच मिळत नाही. पावसात भिजलेला कठडा तर आणखी निसरडा.

तिसरं कारण दचकणं. कुकरची शिट्टी, दार आपटणं, खाली अचानक वाजलेला ताशा, दिवाळीतला सुतळी बॉम्ब. चौथं कारण चक्क झोप. अरुंद पट्टीवर झोपलेलं मांजर कूस बदलतं आणि कूस बदलायला जागाच नसते.

वयाचाही संबंध आहे. झाग्रेबच्या अभ्यासात जवळपास ६० टक्के मांजरं एक वर्षाच्या आतली होती. उत्साह भरपूर, अंदाज कच्चा. उन्हाळ्याच्या दिवसांत पडण्याच्या घटना जास्त घडतात, असंही त्यात दिसलं. कारण उघड आहे, खिडक्या तेव्हाच सताड उघड्या असतात. आपल्याकडे तर वर्षातले बरेच महिने ही स्थिती असते.

नसबंदी न झालेली मांजरं माजावर आली की बाहेर पडण्यासाठी जिवाचा आटापिटा करतात, हेही लक्षात घ्यायला हवं. एरवी शांत बसणारा बोका त्या दिवसांत गॅलरीच्या कडेने पलीकडच्या छज्जावर जायला बघतो. योग्य वयात नसबंदी केली तर हा एक धोका बराच कमी होतो.

थोडक्यात, 'आमची माऊ फार समजूतदार आहे, ती उडी मारत नाही' हे वाक्य कदाचित खरं असेल. पण पडायला उडी मारावी लागत नाही. एकदा घसरणं पुरतं.

घरातल्या कोणत्या जागा बघायच्या?

गॅलरी सगळ्यांच्या लक्षात येते. बाकीच्या जागा राहून जातात.

स्लायडिंग खिडकी: मच्छरांसाठी लावलेली फायबरची जाळी मांजराला थोपवत नाही. नखांनी ती फाटते, वजनाने चौकटीतून निसटते. वेलक्रोने चिकटवलेली जाळी तर एका धडकेत सुटते. शिवाय जाळीचं पान सरकतं असेल, तर पंजाने ते बाजूला सारणारी मांजरं कमी नाहीत.

बाथरूम-टॉयलेटची खिडकी: काचेच्या आडव्या पट्ट्या असलेली खिडकी बहुतेक जुन्या इमारतींमध्ये असते. एक पट्टी निघालेली असली तरी मांजर त्यातून आरामात जातं. पलीकडे असते डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली उभी मोकळी जागा. तिथे पडलेलं मांजर पटकन दिसत नाही आणि बाहेर काढणंही अवघड असतं.

ग्रिलच्या फटी: मांजराचं डोकं जिथून जातं तिथून बहुतेक वेळा आख्खं मांजर जातं. मोठ्या बोक्याला अडवणारं ग्रिल तीन महिन्यांच्या पिल्लाला अडवेलच असं नाही.

एसीचा कोनाडा आणि छज्जा: एसीच्या बाहेरच्या युनिटवर बसणं मांजरांना आवडतं. तिथे जाता येईल अशी प्रत्येक खिडकी धोक्याची.

जिना आणि गच्ची: दार उघडताच पायांतून सटकणारं मांजर कठड्याच्या गजांमधून जिन्याच्या मधल्या पोकळीत पडू शकतं. गच्चीवर नेऊन मोकळं सोडणं तर टाळलेलंच बरं.

रंगकामाचे दिवस: सोसायटीचं रंगकाम निघालं की जाळ्या काढल्या जातात आणि बाहेर बांबूची परांची उभी राहते. मांजराला तो जिनाच वाटतो. काम संपून जाळी परत बसेपर्यंत त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात.

जाळी कोणती आणि कशी?

शहरांत सहज मिळणारा पर्याय म्हणजे कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी. मांजरासाठी ती चालू शकते, पण काही अटींवर. ही जाळी कबुतराला बाहेर ठेवायला बनवलेली असते. मांजराला आत ठेवण्याचं काम वेगळं आहे. ते जाळीवर चढतं, तिला लोंबकळतं, कधी दातांनी दोरा चावतं. उन्हाने नायलॉन हळूहळू कमकुवत होतं. त्यामुळे जाड दोऱ्याची, उन्हात टिकणारी जाळी घ्यावी आणि भोकं लहान असावीत. घरात पिल्लू असेल तर साधारण एक इंचापेक्षा मोठं भोक नको.

जाळीइतकेच हूक महत्त्वाचे. चारही बाजूंनी, जवळजवळ अंतरावर, भिंतीत पक्के बसवलेले. खालची कड ढिली राहिली की मांजर तिथूनच मुंडी घालतं. जाळी बसल्यावर कारागीर जायच्या आत हाताच्या तळव्याने प्रत्येक कोपरा जोरात ढकलून बघावा. मांजर चार-पाच किलोचं असलं तरी झेप घेऊन आदळतं तेव्हा जोर त्याहून कितीतरी जास्त असतो.

चावरं किंवा फार उड्या मारणारं मांजर असेल तर स्टीलची किंवा गॅल्वनाइज्ड तारेची जाळी जास्त भरवशाची. जिथे लोखंडी ग्रिल आधीच आहे तिथे अशी जाळी आतून बारीक तारेने बांधून घेता येते. हा पर्याय दिसायला साधा आहे, पण टिकतो.

सध्या 'इनव्हिजिबल ग्रिल'ची चलती आहे. ताणलेल्या स्टीलच्या बारीक तारा, नजारा अडत नाही. माणसांसाठी ठीक, पण तारांमधलं अंतर अनेकदा दोन-तीन इंच असतं आणि तारा थोड्या वाकतात. सडपातळ मांजर किंवा पिल्लू त्यातून जाऊ शकतं. मांजर आहे हे आधीच सांगून अंतर कमी करून घ्यावं, नाहीतर आतून जाळी लावावी.

जाळी एकदा लावली की विसरून जायची वस्तू नाही. महिन्यातून एकदा हूक, गाठी आणि तुटलेले दोरे तपासावेत. पावसाळ्याआधी आणि नंतर तर नक्कीच.

भाड्याचं घर असेल किंवा सोसायटी नाही म्हणाली तर?

इमारतीचं बाहेरचं रूप बदलतं म्हणून बाहेर काढलेल्या पेटी ग्रिलला बऱ्याच सोसायट्या हरकत घेतात. खिडकीच्या आतल्या बाजूने लावलेल्या जाळीचा प्रश्न तुलनेने सोपा असतो. काम सुरू करण्याआधी सेक्रेटरीला लेखी कळवलं तर नंतरची कटकट वाचते. जाळी मांजरासाठी आहे हे पटत नसेल, तर तीच जाळी कबुतरं आणि लहान मुलं यांच्यासाठीही कामाची आहे, हे कुणालाही पटतं.

घरमालक भिंतीला भोकं पाडू देत नसेल, तर लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर जाळी ताणून ती खिडकीच्या आत घट्ट बसवून घेता येते. घर सोडताना काढून नेता येते. तेही शक्य नसेल तर एकच नियम उरतो. मांजर ज्या खोलीत आहे तिथली खिडकी त्याचं डोकं जाणार नाही इतकीच उघडायची आणि ती आणखी सरकू नये म्हणून पट्टीत अडसर बसवायचा. गॅलरीचं दार बंद. 'मी इथेच बसून लक्ष ठेवतो' हा उपाय नाही, कारण मांजराची झेप माणसाच्या हातापेक्षा वेगवान असते.

घरातल्या घरात पडण्याचं काय?

कपाटावरून किंवा माळ्यावरून पडणं जिवावर बेतेलच असं नाही, पण त्यातूनही पाय मोडतात. पिल्लं, म्हातारी मांजरं आणि जाड मांजरं यांना धोका जास्त. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या मांजराला वर चढता येतं, पण उतरताना त्याचा अंदाज चुकतो. त्याच्या आवडत्या जागेपर्यंत स्टूल, खोका, पलंग अशा पायऱ्या करून दिल्या की एकदम मोठी उडी मारावी लागत नाही. टाइल्स फार गुळगुळीत असतील तर उतरण्याच्या जागी पायपुसणं किंवा जुनी सतरंजी टाकावी.

हलणारी वस्तू ही मांजराची मोठी शत्रू. पुस्तकांचं डुगडुगतं शेल्फ, मांजरांसाठी घेतलेलं हलक्या बुडाचं झाड, इस्त्रीचं टेबल. मांजर उडी मारतं आणि वस्तूसकट खाली येतं. असं सामान भिंतीला बांधून घ्यावं. पाण्याचं पिंप आणि भरलेली मोठी बादली यांच्यावर झाकण हवं. काठावरून आत पडलेल्या पिल्लाला गुळगुळीत प्लॅस्टिकवरून वर येता येत नाही.

लहान मुलांनी पिल्लाला उभ्याने कडेवर घेऊन फिरणं हेही पडण्याचं एक नेहमीचं कारण. 'खाली बसून मांडीवर घ्यायचं' एवढा एक नियम घरात केला तरी पुरतो.

मांजराला उंच जागा आवडतात, ती सवय मोडता येत नाही आणि मोडूही नये. त्याला घराच्या आत, खिडकीजवळ, जाळीच्या अलीकडे एक रुंद आणि पक्की फळी मिळाली, तर कठड्याचं आकर्षण बरंच कमी होतं. रोज पंधरा-वीस मिनिटं दोरी-चेंडूचा खेळ झाला तर शिकारीची हौसही आतच भागते.

आणि तरीही पडलंच तर?

पहिलं काम, लगेच खाली जाणं. जखमी मांजर पडलं तिथेच थांबतं असं नाही. भेदरून ते जवळच्या अंधाऱ्या जागेत शिरतं आणि हाक मारली तरी आवाज देत नाही. गाड्यांखाली, इंजिनाजवळ, मीटरच्या खोलीत, पंपाच्या खोलीत, झुडपांमध्ये, गटाराच्या झाकणाजवळ शोधावं. वॉचमनला सांगून गाड्या थोडा वेळ थांबवाव्यात.

सापडल्यावर मानेला धरून उचलू नये. पाठीला मार लागलेला असू शकतो. टॉवेल किंवा चादर हळूच खाली सरकवून, एखाद्या पाटावर किंवा पुठ्ठ्यावर सपाट ठेवून उचलावं आणि खोक्यात ठेवावं. दुखत असल्यामुळे लाडकं मांजरही चावू शकतं, म्हणून अंगावर टॉवेल हवा.

पाणी, दूध, खाणं काहीच देऊ नये. टाळू फाटलेली असेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि ऑपरेशनची गरज पडली तर भरलेलं पोट अडचणीचं ठरतं. माणसांची वेदनाशामक गोळी तर अजिबात नको. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. त्याच्या यकृताला हे औषध पचवता येत नाही आणि एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. हाडाला घरी फळ्या बांधण्याच्या भानगडीतही पडू नये.

तोंड उघडं ठेवून धापा टाकणं, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर होणं, नाका-तोंडातून रक्त, मागचे पाय फरफटणं, शुद्ध हरपणं, यातलं काहीही दिसलं तर एक मिनिटही घालवू नये. वाटेत दवाखान्यात फोन करून 'मांजर अमुक मजल्यावरून पडलंय' एवढं सांगितलं तर ते ऑक्सिजन तयार ठेवू शकतात.

आणि मांजर उठून चालू लागलं तर? तरीही न्यायचं. फुप्फुसाचा मार काही तासांनी बोलू लागतो. फुटलेलं मूत्राशय बाहेरून कळत नाही. मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं, त्यामुळे 'जेवलं, म्हणजे बरं आहे' हा निकष चालत नाही. तपासणी आणि एक्स-रे झाल्यावरही पुढचा दिवसभर श्वास, लघवी आणि चाल यांच्यावर नजर ठेवावी लागते.

हे सगळं त्या क्षणी शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून एक्स-रे आणि ऑक्सिजनची सोय असलेला जवळचा दवाखाना कोणता, रात्री कोण उघडं असतं, हे आधीच विचारून नंबर फोनमध्ये ठेवावा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं जुनं रुग्णालय आहे, लोक त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. इतर शहरांतही सरकारी पशुचिकित्सालयं आणि खासगी दवाखाने आहेत. त्यांच्या वेळा आणि सोयी मात्र एकसारख्या नसतात.

मग सुरुवात कुठून करायची?

आज घरी गेल्यावर गुडघ्यांवर बसून, मांजराच्या उंचीवरून, प्रत्येक खिडकी बघा. नंतर स्टुलावर चढून तीच खिडकी वरून बघा. जाळी ढकला, फट मोजा, काचेची सुटी पट्टी हलवून बघा. जिथे शंका येईल ती खिडकी जाळी बसेपर्यंत बंद. जाळीचा खर्च चौरस फुटावर ठरतो आणि एकदाच येतो. मोडलेल्या पायाच्या ऑपरेशनचं बिल त्याहून बरंच मोठं असतं. न्यूयॉर्कच्या त्या अभ्यासातल्या १७ मांजरांपैकी बहुतेक गेली ती उंचीमुळे नाही, तर पडल्यानंतरचा खर्च मालकाला परवडला नाही म्हणून.